एक जोडाक्षर दोनदा, वर एक टिंब

सुरुवात एका वादविवाद स्पर्धेच्या पोस्टरपासून झाली. आयोजकांना पोस्टरवर एकच शब्द मोठा हवा होता, ‘द्वंद्व’, आणि तोही निम्मी जागा खाणारा. ‘दगड फोडून काढल्यासारखा दिसला पाहिजे,’ एवढीच सूचना. मी एका संध्याकाळी तो काढून दिला. सगळं सरळ रेषांचं, जाडजूड. जिथं वळण यायचं तिथं पंचेचाळीस अंशांत छाटलेला कोपरा. अनुस्वाराच्या जागी एका टोकावर उभा केलेला चौकोन. पोस्टर झकास झालं. मग आयोजकांपैकी एकानं विचारलं, ‘याचा फॉन्ट आहे का तुमच्याकडं? वक्त्यांची नावंही यातच टाकू.’

मी म्हणाले, नाहीये, पण होईल की. महिनाभरात देते.

एवढा आत्मविश्वास कुठून आला ते नंतर कळलं. ‘द्वंद्व’ हा शब्द नीट बघा. द्व, त्यावर टिंब, आणि पुन्हा द्व. आपण अख्खा शब्द काढला अशा थाटात मी होते, प्रत्यक्षात एकच जोडाक्षर काढून ते दोनदा चिकटवलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी सगळ्या वर्णमालेचा ठेका घेतला. एका महिन्याचे चौदा महिने झाले.

सुरुवातीला मी तीन नियम घालून घेतले. एक, कुठंही वक्ररेषा नाही. दोन, तिरकी रेषा फक्त ४५ अंशांची. तीन, सगळ्या रेषांची जाडी एकच. फॉन्ट बनवताना अक्षर एका काल्पनिक चौकटीत काढतात आणि तिची उंची बहुतेकदा १००० एककं धरतात. त्या मापात माझी जाडी होती १८०. म्हणजे बरीच जाड. यांतला पहिला नियम शेवटपर्यंत टिकला. तिसरा पहिल्याच आठवड्यात पडला.

निमित्त झालं ठ. गोलाच्या जागी अष्टकोन, यात काय अवघड? बाहेरचा कोपरा १६० एककांनी छाटला, आतल्या पांढऱ्या पोकळीचा कोपराही १६०नंच छाटला. पडद्यावर पाहिलं तर चारही कोपऱ्यांत शाईचे गोळे साचल्यासारखे दिसत होते. आधी वाटलं डोळ्यांचा भास. मोजलं तर तिरक्या पट्टीची जाडी १८० नव्हे, २५५ भरली! वहीत आकृती काढून हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. आत-बाहेर सारखंच छाटलं की तिरकी पट्टी सरळ पट्टीच्या १.४१ पट जाड होते. दोनाचं वर्गमूळ, शाळेतलंच. जाडी सारखी राखायची तर आतला छाट बाहेरच्या छाटापेक्षा जाडीच्या साधारण ०.५९ पटीनं कमी ठेवावा लागतो. माझ्या मापात बाहेर १६०, तर आत ५५. हे केलं आणि गोळे गेले, पण पूर्ण नाही. मोजपट्टी सारखी म्हणत होती, डोळा म्हणत होता अजून कोपरे काळे आहेत. शेवटी आतला छाट ४० केला, म्हणजे तिरकी पट्टी १७०च्या आसपास आली, आणि तेव्हा ती १८०सारखी दिसायला लागली.

आडव्या रेषांचंही तेच. उभ्या आणि आडव्या रेषेची जाडी मोजून सारखी ठेवली की आडवी जास्त जाड दिसते. त्यातून आपल्याकडं शिरोरेषा, म्हणजे शब्दभर न थांबता धावणारी आडवी रेषा. १८०ची शिरोरेषा घेतलेला शब्द असा दिसायचा की जणू अक्षरांच्या डोक्यावर तुळई ठेवली आहे आणि ती बिचारी वाकून उभी आहेत. आडव्या रेषा १५०वर आणल्या, शिरोरेषा १४०वर. सगळीकडं एकच जाडी असल्याचा देखावा उभा करायला मला पाच-सहा वेगवेगळ्या जाड्या वापराव्या लागल्या.

ठच्याच नादात ब्राह्मीचे तक्ते काढून बसले. मला आधार हवा होता की आपली अक्षरं मुळात कोनीय होती, मी काही भलतं करत नाहीये. अशोकाच्या शिलालेखांतला, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला क म्हणजे चक्क अधिकचं चिन्ह. ग म्हणजे छपरासारखा कोन. ए म्हणजे त्रिकोण. मी खूश. आणि ठ? पूर्ण वर्तुळ. दगडावर छिन्नीनं वर्तुळ काढणं केवढं जिकिरीचं, तरी त्या माणसानं ते काढलंच. ‘दगड फोडून काढल्यासारखं’ दिसायला वळण नको, ही समजूत माझी आणि आयोजकांची. दगडाशी रोज झटणाऱ्याची ती नव्हती. हा तक्ता बरेच दिवस मी टेबलासमोर लावून ठेवला होता. प्रेरणेपेक्षा दटावणी म्हणून.

आता या कामातला सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग सांगते. जाड आणि कोनीय अक्षरांत देवनागरीतल्या काही जोड्या एकमेकांच्या अंगावर येतात. भ आणि म. ध आणि घ. ब आणि व. ख आणि ‘रव’. साध्या जाडीत यांच्यातला फरक सहज दिसतो, कारण तो फरक एखाद्या बारीक फटीत, छोट्या गाठीत, एका तिरप्या रेघेत असतो. जाडी वाढवत गेलं की पहिला बळी त्या फटीचा जातो.

माझ्याकडं तपासणीचं एक खात्रीचं साधन होतं, ते म्हणजे चष्मा काढलेली आई. छापलेला कागद बोळाच्या टोकाला भिंतीवर लावायचा आणि दुसऱ्या टोकाला आईला उभं करायचं. ती मुळीच भीडभाड ठेवत नाही. मी मोठ्या कौतुकानं ‘भय’ लावलं होतं. ती म्हणाली, ‘मय. मय म्हणजे काय गं?’ मग ‘धन’ लावलं, तिनं ‘घन’ वाचलं. ‘खाली’ला ‘रवाली’. तिथून घरातला प्रत्येक कागद तिच्यासमोरून जाऊ लागला आणि कंटाळून ती उत्तरं द्यायच्या आधी ‘हे नवीन आहे की कालचंच?’ असं विचारू लागली.

भचं उदाहरण जरा जवळून बघू. भ आणि म दोघांनाही खाली डावीकडं गाठ. फरक डोक्याशी: मवर शिरोरेषा सलग, तर भच्या डाव्या बाजूला ती तुटते आणि तिथं एक छोटं वळण उघडं राहतं. मी ती फट ३० एककांची ठेवली होती. पडद्यावर अक्षर हातभर मोठं करून बघताना ३० एककं म्हणजे दरवाजा वाटतो. लांबून ती मिटते. फट ५० केली, आई ‘मय’वर ठाम. ७० केली तेव्हा ती जरा घुटमळली. तेव्हा लक्षात आलं की नुसती रुंदी वाढवून भागणार नाही, कारण फटीच्या दोन्ही बाजूंची काळी टोकं एकाच उंचीवर होती आणि डोळा त्यांना जोडून टाकत होता. मग डावं टोक शिरोरेषेच्या पातळीपासून ४० एककं खाली उतरवलं आणि तिरकं छाटलं, जणू अक्षरानं डावा खांदा पाडला आहे. ‘भय,’ आई म्हणाली, ‘आणि आता मी भाजी टाकू का?’ धलाही तोच पडलेला खांदा दिला. घ सुटला.

खचा प्रश्न वेगळा. त्याचे दोन भाग खाली जोडलेले असले की तो ख, सुटे दिसले की र आणि व. मी आधी त्या जोडाला मुख्य जाडीच्या निम्माच ठेवला होता, नाजूक दिसतो म्हणून. नाजूकपणा गेला चुलीत. जोड पूर्ण जाडीचा केला आणि रचं शेपूट थेट वच्या पोटाखाली नेलं.

आणि ब. ब म्हणजे व आणि त्याच्या पोटातली तिरकी रेघ, असं आपण लहानपणी शिकलो. एवढ्या जाडीत वच्या पोटातली पोकळीच मुळी १५० एककांची. तीत १८०ची रेघ घालायची कुठं? बारीक रेघ घातली तर जाडजूड अक्षराच्या पोटात काडी अडकल्यासारखी दिसते. पंधरा दिवस मी रेघ बारीक-जाड करत बसले. जाड देवनागरीत पांढऱ्याचं काय करायचं याचं उत्तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘मोदक’ या फॉन्टमध्ये सापडलं. तो माझ्या अगदी उलट, गुबगुबीत आणि गोल. पण त्यात पोकळ्या जवळजवळ मिटवून टाकल्या आहेत आणि अक्षराची ओळख उरल्यासुरल्या पांढऱ्या फटींवर सोपवली आहे. मी रेघ काढायचं सोडून दिलं. बचं पोट पूर्ण काळं केलं आणि त्यात दोन पांढरे त्रिकोण कोरले, एक वर, एक खाली. त्यांच्यामध्ये जे काळं उरलं तीच रेघ. पहिल्या झटक्यात बरोबर बसलं असं एकमेव अक्षर. षलाही तेच केलं. मात्र दोन्ही अक्षरं शेजाऱ्यांपेक्षा काळी दिसू लागली, म्हणून रुंदी साठेक एककं वाढवावी लागली.

याच सुमारास संगणकाचा कंटाळा आला. रुडॉल्फ कॉख या जर्मन अक्षरकारानं १९२३ साली ‘नॉयलंड’ नावाचा जाड, कोनीय टाइप केला होता, त्याची गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. त्यानं आधी आराखडे काढलेच नाहीत. पोलादी पंचवर, म्हणजे ज्याच्या ठोक्यानं छपाईच्या धातूच्या अक्षरांचा साचा उठवतात त्या कांबीवर, थेट अक्षर कोरलं. त्यामुळं प्रत्येक आकाराचा टाइप दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळा उतरला. पोलाद माझ्या आवाक्यातलं नाही, पण काळा कार्ड पेपर आणि कटर होता. आराखडा न काढता सुरीनं सरळ अक्षरं कापायला बसले.

सुरीला वळणाचा राग असतो हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. ती सरळ जाते, थांबते, कागद फिरवावा लागतो, पुन्हा सरळ जाते. पण तिला ४५ अंशांचं मात्र काहीच प्रेम नाही. क कापताना उजवीकडची शेपटी मी न ठरवता साठेक अंशांत कापली, आणि तो क माझ्या पडद्यावरच्या कपेक्षा कितीतरी जिवंत होता. ह कापला, त्याची शेपटी तीस अंशांत गेली. देवनागरीची जाड-बारीक ठेवण बोरूच्या तिरक्या छाटलेल्या टोकातून आली आहे, तिला सगळीकडं एकच कोन मानवत नाही. दुसरा नियम तिथं पडला. कोपऱ्यांचे छाट ४५चेच ठेवले, पण क, फ, ह, झ, इ यांच्या मोकळ्या शेपट्यांना जो कोन मानवेल तो दिला. कापलेली चाळीसेक अक्षरं स्कॅन केली. त्यातली थेट वापरण्याजोगी जेमतेम चार होती, पण पुढची सगळी अक्षरं मी त्यांच्याकडं बघत काढली.

ळबद्दल थोडं, कारण तो मराठीचा लाडका. दोन पोकळ्या शेजारी शेजारी. दोन्ही सारखे अष्टकोन काढले की अक्षर हातकडीसारखं दिसतं, आणि एकदा कोणी ‘हातकडी’ म्हटलं की मग ते दुसरं काही दिसतच नाही. (म्हणणारा माझा भाऊ होता.) डावी पोकळी लहान केली, उजवी जरा खाली ओढली. अजूनही मला ती हातकडीच दिसते, इतरांना दिसत नाही म्हणे. ल आणि श मराठी वळणाचेच ठेवले. हिंदी वळणाची रूपं भाषेनुसार आपोआप बदलतील अशी सोय आत आहे.

शिरोरेषेनं आणखी एकदा छळलं. मला वाटलं, सगळं छाटलेलं आहे तर शिरोरेषेची टोकंही तिरकी छाटू. प्रत्येक अक्षराची छाटली. एकेकटं अक्षर देखणं दिसायचं, शब्द टाइप केला की करवतीचे दात. शिरोरेषा अक्षराची नसते, शब्दाची असते, ही गोष्ट मी आयुष्यभर लिहीत आले होते आणि तरी विसरले. मग टोकं सरळ केली आणि शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर १५ एककं चढवल्या. नुसत्या टेकवून ठेवल्या तर पडद्यावर काही आकारांत सांध्यात केसाएवढी फट दिसते. शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी तिरकं छाटलेलं टोक हवं असेल तर ते पर्यायी रूप म्हणून ठेवलं आहे.

वरच्या मजल्यावर गर्दी झाली ती ‘मूर्तींना’ या शब्दानं. वेलांटी, तिच्यावर रफार, वर अनुस्वार, सगळं एका तच्या डोक्यावर. त्यात माझा तो टोकावर उभा चौकोन. पोस्टरवर तो छान दिसला होता कारण आजूबाजूला कोणी नव्हतं. टोकावर उभ्या चौकोनाची एक खोड असते: तो जेवढी रुंदी अडवतो तेवढ्याच रुंदीच्या बसक्या चौकोनाच्या निम्मंच त्याचं क्षेत्रफळ असतं. म्हणून तो नेहमी बारका दिसतो. म्हणून तो मोठा करावा लागतो. म्हणून तो शेजाऱ्यांना धडकतो. शेवटी वेलांटी-रफार, वेलांटी-अनुस्वार आणि तिघं एकत्र असे वेगळे जोड-आकार काढले, त्यांत प्रत्येकानं थोडं थोडं अंग चोरलं. ऱ्हस्व वेलांटीच्या सात रुंद्या केल्या, कारण ‘टि’ची वेलांटी ‘क्षि’ला पुरत नाही.

जोडाक्षरं कंटाळवाणी होती, ती सांगत बसत नाही. आडवी जोडली जातात ती सोपी. द्ध, ट्ट, ह्म, ष्ट्र अशी उभी रचली जाणारी जड. ‘उद्ध्वस्त’ काढताना मीच तशी झाले होते. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधला अर्धा र राहून गेला होता, तो शेवटच्या आठवड्यात आठवला. आणि एका मित्राला वापरून बघायला दिलं तर त्यानं पहिलाच शब्द टाइप केला ‘ॲप’, आणि ॲच्या जागी रिकामी चौकट आली. मी ‘अ’वर चंद्र देऊन होणारा ॲ केला होता, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८पासून ॲला स्वतःची वेगळी जागा आहे आणि आजचे बरेच कीबोर्ड तीच वापरतात, हे माझ्या डोक्यातून साफ निसटलं होतं.

रोमन मोठी अक्षरं चार दिवसांत झाली. खोटं कशाला सांगू, हेवा वाटला. एक अष्टकोन केला की ओ, सी, जी, क्यू सगळे त्यातून निघतात. डीचे डावीकडचे कोपरे छाटायचे नाहीत एवढं पथ्य, नाहीतर तो ओ होतो.

मग फॉन्ट लोकांच्या हातात गेला आणि खरी करमणूक सुरू झाली.

पहिला वापर आयोजकांनीच केला. वक्त्यांची नावं त्यात टाकली, ती उत्तम दिसली. त्या आनंदात स्पर्धेचे सगळे नियम, दोन परिच्छेद, तेही त्यातच ९ पॉइंटमध्ये छापले. पत्रक हातात घेतलं तर डांबराचा पट्टा. माझ्या फॉन्टमधली सगळ्यात बारीक पांढरी फट ४२ एककांची आहे. ९ पॉइंटला ती ०.१३ मिलिमीटर भरते. कागदावर शाई पसरते तेवढ्यात ती बुजते. ब, ष, क्ष, सगळे ठोकळे. पडद्यावर २४ पिक्सेलला ती फट जेमतेम एक पिक्सेल होते. त्याखाली ती धुरकट करडी दिसते. तेव्हापासून फॉन्टसोबत मी चार ओळींची चिठ्ठी देते: २४ पिक्सेलच्या खाली वापरू नका, चार-पाच शब्दांपलीकडं जाऊ नका, सोबतच्या मजकुराला साधा, मोकळा फॉन्ट घ्या. चिठ्ठी कोणी वाचत नाही.

दुसरी सवय म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवणं. रोमन मोठ्या अक्षरांना अंतर दिलं की ती भारदस्त दिसतात, म्हणून हात आपोआप तिकडं जातो. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे सुटे पडतात. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा नमुना माझ्याकडं असाच आला, शीर्षक पायऱ्यापायऱ्यांनी विखुरलेलं. मांडणी करणाऱ्यानं मोकळेपणा हवा म्हणून केलं होतं. शब्दाचा आकार दहा टक्के कमी करून भोवतीची जागा वाढवा म्हटलं, काम झालं. अक्षरांना बाह्यरेषेचा परिणाम देतानाही असाच घोळ होतो. एकमेकींवर चढवलेल्या शिरोरेषांचे सांधे आतून दिसायला लागतात. आधी अक्षरांचे आकारांत रूपांतर करून ते एकजीव करायचे, मग बाह्यरेषा द्यायची.

जिथं हा फॉन्ट खरंच रमतो ते मला सुचलंच नव्हतं: जर्सी. एका संघानं पाठीवर नावं आणि आकडे टाकायला तो घेतला. जर्सीवर चिकटवायचं विनाइल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ ताव, कापणाऱ्या यंत्राला सरळ रेषा फार आवडतात, काप स्वच्छ निघतो. खेळाडू धावत असताना, अंगावर कापड चुरगळलेलं असताना वळणदार अक्षर विरघळतं, छाटलेले कोपरे मात्र ओळखू येतात. १ आणि ९ यांच्या गाठी मी आईच्या तपासणीतून पार केल्या होत्या, त्याचा इथं उपयोग झाला. तक्रार आली ती तीन आठवड्यांनी. अक्षरांची टोकं धुण्यात उचलली जात होती. आणि अनुस्वार, माझा लाडका चौकोन, सगळ्या अक्षरांपासून सुटा आणि चारही बाजूंनी टोकदार, तो तर सरळ निघून जात होता. एका पाठीवरच्या ‘सिंह’चा ‘सिह’ झाला होता. त्यांच्यासाठी वेगळी प्रत केली, प्रत्येक बाहेरच्या टोकाला नखाएवढा छाट दिला. टोकावर उभा चौकोन तिथं अष्टकोन झाला. लांबून कोणाला फरक कळत नाही, आणि आता मला मूळ प्रतीपेक्षा तीच जास्त आवडते.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं टाकणाऱ्यांसाठीही एक किंचित हलकी प्रत करायची आहे. काळ्यावरचं पांढरं अक्षर फुगून दिसतं, आणि आधीच फुगलेल्या अक्षराला ते सोसत नाही. अजून झालेली नाही.

यंदाच्या स्पर्धेचं पोस्टर करायला तेच आयोजक परत आले. शब्द तोच. या वेळी काढायची गरज नव्हती, मी नुसतं टाइप केलं: द्वंद्व. आणि जरा वेळ बघतच राहिले. दची मान बदलली होती, वचं पोट बाकीच्या वर्णमालेशी जुळवून घेता घेता रुंद झालं होतं, शिरोरेषा बारीक, टिंब आखूड. चौदा महिन्यांपूर्वीचा द्व या कुटुंबात कुठंच बसत नव्हता, म्हणून तो मी सगळ्यात शेवटी नव्यानं काढला होता आणि विसरून गेले होते. दोन्ही शेजारी ठेवून आयोजकांना दाखवले. त्यांनी दोन सेकंदही न घालवता जुन्यावर बोट ठेवलं. ‘हा नवा ना? हाच घ्या. तो दुसरा जरा सभ्य झालाय.’

जुना छापायला दिला. फॉन्टमध्येही तो पर्यायी रूप म्हणून टाकून ठेवला आहे, क्षच्या खाली, शोधला तर सापडतो.